उणिवांचा रकाना

स्टोअरचाचांना कुठलीही वस्तू दाखवा, ते आधी तिच्यात काय बिघडलंय ते सांगत. वस्तू त्यांची स्वतःची असली तरी, आणि विकायची असली तर हमखास. त्यांनी आपली जुनी स्कूटर विकायला काढली तेव्हा हँडलला एक कागद बांधला होता. त्यावर सुवाच्य अक्षरात अकरा खोडी लिहिल्या होत्या. पहिली, 'थंडीत सहा किकांशिवाय सुरू होत नाही.' शेवटची, 'आरशात मागचा ट्रक आहे त्याहून लांब दिसतो.' मी तो कागद वाचून हातच जोडले. दुसऱ्याच्या मालात खोडी काढून भाव पाडणं हा माझा जन्माचा धंदा, पण चालत्या स्कूटरमध्ये मलाही सहाच्या वर सापडल्या नसत्या.

"चाचा, ही विकायची आहे की हिची फिर्याद लिहायची आहे?" मी विचारलं.

"शेठ, घेणाऱ्याला घरी गेल्यावर कळणारच ना? मग माझ्या दारातच कळू दे."

स्कूटर निम्म्या किमतीत गेली. चाचा खूश. माझा मात्र दिवसभर जीव जळत होता, आणि गाडी तर माझी नव्हतीसुद्धा.

तीस वर्षं ते कुवेतला एका पाइपांच्या कंपनीच्या गोदामात होते, म्हणून स्टोअरचाचा. पनवेलच्या मोहल्ल्यात आखातातून परतलेले बरेच. कुणी गाड्या घेतल्या, कुणी तीन मजली घर बांधलं. चाचा फक्त गोदामाची सवय घेऊन आले. तिथे खोकी उतरली की पावतीवर सही करण्याआधी फुटकं-तुटकं काय ते लिहायचं, कारण सही झाल्यावर केलेली तक्रार कुणी ऐकत नाही. "आधी तुटकं सांगा, साबूत मागून," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आंबे घेताना म्हणत, दवाखान्यात डॉक्टरसमोर बसतानाही म्हणत. अक्षर मात्र असं देखणं की तक्रारसुद्धा वाचावीशी वाटे. मराठी शाळेत गिरवलेलं वळण सत्तरी आली तरी जागचं हललं नव्हतं.

त्यांच्या मुलीला, जुबेदाला, पाहायला उरणचे पाहुणे आले तेव्हा चाचांनी मलाही बोलावलं होतं. चहा झाला, मुलाच्या वडिलांनी घसा साफ केला, आणि त्यांनी काही विचारायच्या आतच चाचा म्हणाले, "मुलगी तापट आहे. भात चिकट करते. सकाळी दोनदा हाक मारावी लागते."

पडद्यामागे एक भांडं दणकन आपटलं.

"हे पहिल्या मुद्द्याचं," चाचांनी पाहुण्यांना शांतपणे समजावलं.

मी मांडीवर चिमटा काढून हसू दाबलं. मुलगा मात्र मोठ्यानं हसला आणि त्यानंच होकार दिला. पुढे दोघं मस्कतला गेले. सुट्टीत आला की जावई सांगायचा, "अब्बा, भात तुम्ही सांगितला होता तेवढा चिकट नाही हो." चाचा म्हणायचे, "मग मी जास्त लिहिलं. गलती माझी."

असा हा माणूस, आणि याच्या हातात मी माझा सगळा माल दिला. दोष द्यायचा तर मला द्यायला हवा. पण मी दोष घेणारा माणूस नाही, हेही आधीच सांगून टाकतो.

आमचं गाव उलव्याच्या बाजूचं. वडील मिठागरात. मी सायकलच्या कॅरिअरला स्टीलची पातेली बांधून घराघरांतून जुनं पितळ घ्यायला सुरुवात केली तेव्हा माझ्या ओठावर मिसरूड नव्हतं. पुढे नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, घरं पाडली, लोक नव्या प्लॉटवर राहायला गेले. त्या धावपळीत पेट्यांच्या तळाशी पडलेली नाणी बाहेर आली. राणीछाप रुपये, तांब्याच्या शिवराया, भोकाचे पैसे. बायका ती सोनाराकडे वजनावर घालायच्या. मी सोनारापेक्षा चार पैसे जास्त द्यायचो आणि घेऊन यायचो. काहींवर लक्ष्मीपूजनाचं कुंकू चिकटलेलं असायचं, काहींना हारासाठी लावलेल्या कड्यांच्या खुणा असायच्या. विकायची घाई मी कधी केली नाही. तीस वर्षांत दोनशे शहाऐंशी नाणी झाली. शिकलेला नाही, पण थांबता येतं मला.

चाचांची नि माझी ओळख त्याच नाण्यांवरून झाली. तळ्याकडून बाजारात येणाऱ्या गल्लीत माझं जुन्या सामानाचं दुकान होतं, भाड्याचं. एका शुक्रवारी नमाजानंतर हा उंच, वाकलेला माणूस आत आला. खिशातून भिंग काढलं, काउंटरवरचा एक रुपया उचलला आणि म्हणाला, "हा खोटा आहे. पण मेहनतीनं केलाय."

माझं डोकंच फिरलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. "घ्यायचा नसेल तर ठेवा तो खाली. उगाच बदनामी करू नका," मी ओरडलो.

"शेठ, चिडू नका. कडेच्या रेघा बघा. खऱ्याच्या उभ्या असतात, ह्याच्या निजल्यात."

रेघा खरोखरच निजल्या होत्या. गिऱ्हाइकं गेली. मी चाचांना चहा पाजला, कारण मला उघड दिसलं की हा माणूस खोटं काय ते ओळखतो. असा माणूस आपल्या बाजूला असावा, समोरच्याच्या नसावा, हा साधा हिशेब. त्या हिशेबात मी कुठे चुकलो ते पुढे येईलच.

मग दर शुक्रवारी ते येऊ लागले. येताना घरून स्वतःचा कप आणायचे, कारण माझ्या एका कपाचा कान उडाला होता. "मला चालेल," असं आधी म्हणायचे आणि मग पिशवीतून आपला कप काढायचे.

मागच्या वर्षी दुकानमालकानं नोटीस दिली. इमारत पाडून नवी बांधायची, चार महिन्यांत जागा खाली करा. सव्वीस वर्षं मी तिथे भाडं भरलं होतं. त्याच वेळी कोपऱ्यावरच्या नव्या इमारतीत एक गाळा विकायला निघाला. छोटाच, पण रस्त्यावर तोंड असलेला. मला तो हवा होता. दुसऱ्याच्या शटरखाली आयुष्य गेलं होतं. एक शटर माझ्या नावाचं हवं होतं. घरात तेवढा पैसा नव्हता, नाणी होती. सगळी एकगठ्ठा, एकाच पार्टीला, चांगल्या आकड्याला गेली तर गाळा माझा. गाळेवाल्यानं महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं.

चाचा म्हणाले, "एकगठ्ठा विकायची तर यादी हवी. यादीशिवाय ढीग असतो, संग्रह नसतो."

"करा," मी म्हणालो.

त्यांनी केली. अशी केली की माझ्या नाकी नऊ आणले. लांबलचक वही आणली, पट्टीनं रकाने आखले. नंबर, धातू, वजन, छाप, साल. त्यानंतर 'उणीव'. आणि त्याच्याही नंतर 'गुण'. मी भांडलो. "चाचा, आधी गुण लिहा. घेणाऱ्याची नजर डावीकडून येते."

"म्हणूनच."

एकेक नाणं दोन बोटांत कडेला धरायचे, भिंगाखाली फिरवायचे, सोनाराच्या काट्यावर ठेवायचे, मग लिहायचे. 'कड एका जागी चेपलेली.' 'हारातली कडी काढलेली; झाळल्याची खूण.' 'राणीच्या गालावर ओरखडा.' वीस वर्षं मी ज्या रुपयाकडे प्रेमानं बघत होतो त्याला त्यांनी चार ओळींत म्हातारा करून टाकलं. मी उचलायला गेलो की ओरडायचे, "बोट मधोमध लावू नका, शेठ! घामाचा डाग पडतो. कडेला धरा." मग ते नाणं कागदी पाकिटात जायचं आणि पाकिटावर नंबर. दिवसाला पंधरा नाणी झाली तर खूप. मला महिनाअखेर दिसत होती आणि हे गृहस्थ एका शिवराईच्या एका अक्षरावर सकाळ घालवत होते.

"चाचा, गाळा जाईल."

"गाळे खूप आहेत. ही शिवराई एकच आहे."

"मग त्या शिवराईतच दुकान टाकतो मी."

ते हसायचे नाहीत. पुढचं नाणं उचलायचे.

पार्टी मीच शोधली. भोईरशेठ, उलव्याचेच, आमच्या नात्यातल्या नात्यातले. जमिनीच्या पैशावर बांधकामात उतरले आणि आता त्यांचे दोन टॉवर उभे राहत होते. ऑफिसच्या दारात काचेच्या कपाटात आपल्या भागातल्या घरांतले जुने रुपये लावायचे, अशी त्यांना हौस आली होती. फोनवरच मला हवा तो आकडा त्यांनी जवळजवळ मान्य केला. "म्हात्रे, मना माल चकचकीत पायजे. लॉबीन लावाचा हाय. आल्यागेल्याचे डोले दिपले पायजेत." रविवारी दुपारी बघायला येतो म्हणाले.

चकचकीत म्हटल्यावर मी काय करणार? शुक्रवारी दुकान बंद ठेवलं. दुकान बंद म्हणून चाचाही यायचे नव्हते. घरी अंगणात पाट मांडले, बायकोनं रिठे भिजवले, तांब्यासाठी चिंच-मीठ. दिवाळीला आम्ही रुपये धुतो तसेच धुवायला बसलो. रांगोळीची पूड, जुना ब्रश. कुंकू निघालं, काळं निघालं, राणीचा चेहरा असा लखलखला की बायको म्हणाली, "बगा, कशी न्हालेल्या पोरीवानी दिसते." संध्याकाळपर्यंत दोनशे तेवीस झाली. रिठे संपले म्हणून ज्यांची नोंद अजून व्हायची होती ती त्रेसष्ट डब्यातच राहिली. पाठ मोडली होती, पण मी खूश होतो. धुतलेलं प्रत्येक नाणं त्याच्या नंबरच्या पाकिटात परत घातलं. इतकी शिस्त मी चाचांकडूनच शिकलो होतो.

शनिवारी चाचा आले. एक पाकीट उघडलं. दुसरं उघडलं. मग दहा-बारा उघडली.

"कुणी केलं हे?"

"मी आणि घरच्यांनी. कसं दिसतंय?"

मला एवढंच आठवतं की त्या दिवशी त्यांनी नाणं कडेला धरलं नाही. तळहातावर टाकलं आणि बघत राहिले, रिक्षावाल्यानं दिलेली चिल्लर बघावी तसं. मग वही पिशवीत घातली. "उद्या आणतो," म्हणाले. मला वाटलं, स्वच्छ प्रत काढणार असतील.

रविवारी भोईरशेठ आले, सोबत त्यांचा इंजिनिअर. मी भाड्यानं मखमली ट्रे आणले होते, वर पिवळा दिवा लावला होता. रुपये ओळीनं मांडलेले. भोईरशेठनं गॉगल काढला.

"अरे वा! म्हात्रे, मस्त केलंस रं! आपल्या आजी-पंजीचं धन हाय ह्यो."

इंजिनिअर फोटो काढायला लागला. सौदा झालाच होता. मी फक्त पेढ्यांचा बॉक्स कुठे ठेवलाय ते आठवत होतो. तेवढ्यात कोपऱ्यात वही घेऊन बसलेले चाचा उभे राहिले आणि म्हणाले, "शेठ, सौद्याआधी यादी ऐकून घ्या."

"वाचा," भोईरशेठ उदारपणे म्हणाले.

"नंबर एक. चांदीचा रुपया. उणीव, धुतलेला. नंबर दोन. चांदीचा रुपया. उणीव, कड चेपलेली, धुतलेला. नंबर तीन. उणीव, धुतलेला."

वहीत दोनशे तेवीस ओळींत लाल शाईनं तो एक शब्द होता. एकेका ओळीत, त्याच देखण्या अक्षरात. शनिवारचा उरलेला सगळा दिवस त्यांनी तेच केलं होतं.

"आमच्यात धुतातच," भोईरशेठ म्हणाले. "त्यान काय झालं?"

"पूजेला धुतलेलं वेगळं, शेठ. शंभर वर्षांत चांदीवर जी झाक चढते ती घासली की गेली, परत येत नाही. जाणकार माणूस त्यानंतर फक्त चांदीचं वजन मोजतो. तुम्ही घ्या, जरूर घ्या. पण हे कबूल करून घ्या."

भोईरशेठनं ट्रेकडे पाहिलं, मग इंजिनिअरकडे. इंजिनिअरनं फोन खाली केला होता.

"म्हंजे मी हे लॉबीन लावनार, उद्या कोनतरी जानकार येनार, आनि माज्याच ऑफिसान मना हसनार?" गॉगल परत डोळ्यांवर गेला. "म्हात्रे, आपला मानूस म्हनून आलो व्हतो मी. धुतलेला माल गल्यान घालाला मीच सापरलो काय तुला?"

मी हातापाया पडलो नाही, पण त्याच्या जवळपास गेलो. वजनाच्या भावानं देतो म्हणालो. तोही आकडा त्यांनी ऐकून घेतला नाही. त्यांची गाडी गल्लीतून वळेपर्यंत मी दारात उभा होतो. मग आत आलो.

काय काय बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. "तुम्ही माझ्या बाजूचे की त्याच्या?" हे बोललो.

"मी यादीच्या बाजूचा," चाचा म्हणाले.

"यादीला पोट नाही! मला आहे! त्याला काही कळत नव्हतं, तो खूश होता, मी खूश होतो. तुमचं काय जात होतं?"

"खाली माझी सही आहे, शेठ."

"आणि धुवायचं नाही, हे मला कुणी सांगायचं? बोट लावू नका म्हणालात. डाग पडतो म्हणालात. डाग पडतो म्हणूनच धुतलं ना मी? धुवू नका असं एका शब्दानं बोललात का?"

चाचांनी तोंड उघडलं. मिटलं. भिंग खिशात टाकलं, आपला कप पिशवीत ठेवला आणि निघून गेले.

गाळा गेला. तिथे आता मोबाइलची कव्हरं विकतात. काचेत टांगलेली ती रंगीबेरंगी कव्हरं मला रोज येता-जाता दिसतात. माझं दुकान मागच्या इमारतीत जिन्याखाली आलं, पुन्हा भाड्यानं. अर्धं सामान घरी, अर्धं पायऱ्यांखाली. भेटेल त्याला मी ही कथा सांगितली. रिक्षावाल्याला, चहावाल्याला, न्हाव्याला. एका म्हाताऱ्यानं एक गोष्ट सांगायची राहू दिली आणि मी बुडालो. लोक च्च च्च करायचे. घरी बायको मात्र म्हणाली, "तो मानूस खोटा बोलला काय? नाय ना? मंग?"

"तू पण त्याच्याच बाजूची."

"मी तुमच्याच बाजूची हाय, म्हनून तं सांगतंय."

नव्या जागेतला पहिला शुक्रवार आला आणि चाचा आले. जणू काही झालंच नाही. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसले, "चहा सांगू नका, पिऊन आलोय," म्हणाले. मी सांगणार नव्हतोच. त्यांनी न धुतलेल्या त्रेसष्ट नाण्यांचा डबा मागितला. मी सरकवला. सहा महिने दर शुक्रवारी ते आले आणि त्या त्रेसष्टांची नोंद करत बसले. मी बोलत नव्हतो. त्यांनी विचारलं की तेवढं उत्तर द्यायचो.

"हा कुठून आला?"

"गव्हाणहून."

"घर कसं होतं?"

"कौलारू. आता नाही."

"बाई काय म्हणाली देताना?"

"चाचा, तुम्हाला नाण्याची नोंद करायची आहे की बाईची?"

"दोन्ही."

मग मी सांगायचो. चिडून सांगायचो, पण सांगायचो. ती बाई रुपया देऊन आत गेली, परत बाहेर आली, एकदा हातात घेऊन बघितला आणि पुन्हा दिला, असं काय काय. चाचा ते 'गुण'च्या रकान्यात लिहायचे. कुंकू असलेल्या नाण्यापुढे लिहायचे, 'कुंकवाचा थर शाबूत.' मी एकदा म्हणालो, "तुम्हाला काय त्या कुंकवाचं?" ते म्हणाले, "ज्या घरातलं आहे, ते घर आता नाही. एवढंच उरलंय त्याचं."

पायरीवर बसून बसून त्यांचे गुडघे धरायचे. उठताना जिन्याच्या कठड्याला लोंबकळायचे. मी हात दिला नाही. खुर्ची होती माझ्याकडे, तीही दिली नाही. ग्राहकासाठी आहे, असं मनाशी म्हणायचो. ग्राहक कुठे होते?

ईदनंतर जुबेदा त्यांना मस्कतला न्यायला आली. त्यांना एका डोळ्यानं नीट दिसेनासं झालं होतं, त्याचं तिकडेच बघू म्हणाली. जायच्या आदल्या दिवशी, शुक्रवार नसताना, चाचा आले. वही काउंटरवर ठेवली.

"शेठ, यादी पुरी झाली."

"ठेवा तिथं," मी म्हणालो. मी एका समईचा बुडखा घासत होतो. वर बघितलं नाही. ते थोडा वेळ उभे राहिले. मग जिन्यावरून कुणीतरी उतरलं, त्याला वाट देण्यासाठी ते बाजूला झाले आणि तसेच गेले. विमानतळावर सोडायला मोहल्ल्यातून दोन गाड्या गेल्या, असं कळलं. मी त्यांत नव्हतो.

तीन महिन्यांनी जावयाचा फोन आला. झोपेतच गेले, म्हणाला. मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. बरं काय म्हणालो, कुणास ठाऊक. वही मी तोवर उघडली नव्हती.

ती उघडली ती पुण्याच्या एका दातांच्या डॉक्टरांनी. ते नाणी जमवतात. कुणाकडून तरी कळलं आणि आले. उलव्यात एका अर्धवट इमारतीच्या मागच्या अंगाला एक गाळा मी हेरून ठेवला होता. रस्ता नाही, दिवा नाही, पण माझ्या नावावर झाला असता. या वेळी मी नाणी मखमलीवर मांडली नाहीत. पाकिटं दिली आणि वही दिली. डॉक्टर हुशार खरेदीदार. चष्मा कपाळावर चढवून ते नाण्यात असे डोकावत होते की नाणं आ करून बसलंय असं वाटावं. "ही कड चेपलीय," म्हणाले. मग वहीत बघितलं. "हं. लिहिलंय." पुढचं. "हे धुतलेलं..." वही. "लिहिलंय." पाऊण तासात त्यांनी वीस खोडी काढल्या आणि वीसच्या वीस आधीच लिहिलेल्या निघाल्या. भाव पाडायला त्यांच्या हातात काहीच राहिलं नाही. मी आयुष्यभर समोरच्याला याच जागी पकडलंय, म्हणून ते मला कळलं. त्यांनी एक आकडा सांगितला. भोईरशेठच्या निम्म्याहून थोडा वर. धुतलेली बहुतेक वजनावर, भाव आला तो त्या त्रेसष्टांना. मी थोडं ताणलं, ते थोडे चढले. उलव्याचा गाळा बसत होता.

"यादी सोबत हवी, मूळ," डॉक्टर म्हणाले. "यादीशिवाय मी घेणार नाही. आणि हे पहिलं पान फारच गमतीशीर आहे. तुम्ही वाचलंय ना?"

मी वाचलं नव्हतं. त्यांनीच मोठ्यानं वाचलं.

"'या यादीतील उणिवा. एक, नोंद करणाऱ्याच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. बारीक खुणा एकाच डोळ्याने पाहिल्या. दोन, सात शिवरायांवरील अक्षरे लागली नाहीत; अंदाज लिहिलेला नाही. तीन, दोनशे तेवीस नाणी धुतली गेली. धुवू नयेत हे मालकाला सांगायचे नोंद करणाऱ्याकडून राहून गेले. ही चूक मालकाची नाही.'"

खाली सही.

वर्षभर मी जे पनवेलभर ओरडत फिरलो ते त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. वही नेऊन बायकोसमोर आपटायला हवी होती.

पण एक गोष्ट मी इथवर लिहिली नाही. चाचांनी मला सांगितलं होतं. यादीच्या पहिल्याच आठवड्यात. राणीच्या केसांत कुंकू भरलेला एक रुपया हातात धरून ते म्हणाले होते, "शेठ, यांना पाणी लावू नका हं. कुणी काहीही म्हटलं तरी." मी गाळ्याच्या दलालाशी फोनवर बोलत होतो. "हो, हो," म्हणालो होतो. धुताना ते आठवलं नाही, हे खरं. पण त्या रविवारी त्यांच्यावर ओरडताना आठवलं. त्यांनी तोंड उघडून मिटलं ना, नेमकं तेव्हाच. तरी मी ओरडत राहिलो.

ज्या माणसानं मुलीचा भातसुद्धा खोटा सांगितला नाही त्याच्या यादीत खोटी ओळ एकच होती, आणि ती माझ्यासाठी होती. की ते खरंच विसरले होते? मी इतकं ओरडल्यावर त्यांना आपलंच चुकलं असं वाटायला लागलं होतं? हे आता कुणाला विचारायचं? मला भयंकर राग आला. त्यांचा की कुणाचा, ते सांगता येत नाही. तोंडावर म्हणाले असते, 'शेठ, मी सांगितलं होतं,' तर भांडण तिथेच मिटलं असतं. मी दोन दिवस धुमसलो असतो आणि तिसऱ्या दिवशी खुर्ची दिली असती.

मी डॉक्टरांच्या हातातून वही घेतली. काउंटरवरचं पेन घेऊन तिसऱ्या नंबरची ओळ खोडली. खाली माझ्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं, 'सांगितले होते. मालकाने ऐकले नाही.' आणि सही केली.

"अहो, हे काय केलंत?" डॉक्टर जवळजवळ किंचाळले. "मूळ यादीत खाडाखोड! आता हिची किंमत ती राहिली का?"

"किती कमी करता?"

त्यांनी आकडा सांगितला. जास्त होता. साफ जास्त होता; उरलेल्यात उलव्याचा गाळा बसत नव्हता. एका ओळीचे इतके कुणी कापत नाही आणि मी ते तिथल्या तिथे अर्ध्यावर आणलं असतं. पण मी "बरं" म्हणालो आणि त्यांना द्यायला पाकिटं बांधायला घेतली.

भोईरशेठच्या सौद्यात झालेलं नुकसान मी सगळ्या गावाला सांगितलं होतं. हे दुसरं मी घरीसुद्धा सांगितलं नाही.